नावेचं चाक

नाव म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वल्हं येतं, शीड येतं, सुकाणू येतं. चाक काही येत नाही. पण नाव पाण्यापर्यंत न्यायची तर चाकाची गाडीच लागते, आणि चाकाचा सारा जीव असतो मधल्या तुंब्यात.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात लिनमथ नावाचं लहानसं बंदर आहे. १२ जानेवारी १८९९ च्या संध्याकाळी तिथं तार आली. ‘फॉरेस्ट हॉल’ हे तीन डोलकाठ्यांचं जहाज वादळात सापडलं होतं. त्यावर १३ खलाशी आणि ५ उमेदवार पोरं होती. गावाकडं ‘लुइझा’ ही जीवरक्षक नाव होती, पण लाटांपुढं ती पाण्यात लोटता येईना. तेव्हा तांडेल जॅक क्रोकम यांनी ठरवलं, नाव डोंगरावरून पोर्लॉकच्या धक्क्यावर न्यायची. वाट १३ मैलांची, ओझं गाडीसकट १० टनांचं. घोडे जुंपले, शंभरेक माणसं दोराला लागली. काउंटिसबरीचा उभा चढ संपत आला आणि गाडीचं चाक निखळलं.

भर वादळात, काळोखात त्यांनी ते पुन्हा बसवलं. पुढं अरुंद वाटेवर नाव उतरवून लाकडांवरून ओढली, पोर्लॉकला एक भिंतही पाडली. पहाटे साडेसहाच्या सुमारास ‘लुइझा’ पाण्यात उतरली. अठराही जण वाचले. चार घोडे मात्र दमून मेले.

या कथेत लोक वल्हेकऱ्यांना दाद देतात, ती द्यायलाच हवी. मला मात्र त्या निखळलेल्या चाकापाशी थांबावंसं वाटतं.

जुन्या गाड्यांत तुंबा कण्याभोवती घासत फिरायचा. घासण्याला उतारा वंगणाचा. आपल्या बैलगाडीलाही वंगणाची नळी टांगलेली असायची. १७९४ मध्ये वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी गाडीच्या कण्याभोवती गोळ्या बसवण्याचं पेटंट घेतलं. घासणं जाऊन घरंगळणं आलं. तरी एक अडचण उरली. गाडी वळली की भार आडवा येतो. हेन्री टिमकेन हे अमेरिकेतले घोडागाड्या बनवणारे कारागीर. त्यांनी १८९८ मध्ये निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. हे बेअरिंग उभा भारही पेलतं आणि आडवाही. लिनमथच्या त्या रात्रीच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट. आज नाव वाहणाऱ्या ट्रेलरच्या तुंब्यात सहसा अशीच दोन बेअरिंगं समोरासमोर बसवलेली असतात.

त्यांचा खरा वैरी पाणी. लांबून आलेला तुंबा तापलेला असतो. नाव उतरवताना तो थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आक्रसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग ग्रीस दुधाळ होतं, रुळांना गंज चढतो आणि एक दिवस भर रस्त्यात चाक गाडी सोडून जातं.

ते बदलण्याची रीत मिस्त्री मंडळींना पाठ असते. गाडी जॅकवर घेऊन टोपी, स्प्लिट पिन, नट आणि वायसर काढायचा, तुंबा ओढून घ्यायचा. बेअरिंग बदलताना त्याची तुंब्यातली रेसही बदलायची, कारण जुन्या रेसवर नवे रूळ टिकत नाहीत. ग्रीस वरून फासून भागत नाही. तळहातावर घेऊन रुळांच्या फटीफटीत दाबावं लागतं. सील आणि पिन नवीच हवी. चाक फिरवत नट आवळायचा आणि मग किंचित सैल सोडायचा. फार आवळला तर बेअरिंग जळतं, फार सैल ठेवला तर चाक डुलतं.

पूर आला की मदतीची नाव रस्त्यानंच येते. म्हणून नाव ओढून नेणाऱ्यानं वाटेत थांबल्यावर तुंब्याजवळ हात नेऊन पाहावं. एखादा तुंबा इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर पुढं जाऊ नये. लिनमथकरांनी चाक वादळात बसवलं. आपल्याला ते कोरड्या अंगणात, दिवसाउजेडी बसवता येतं.