परीक्षा पदवीची की प्रश्नपत्रिकांची?

पुण्याच्या विद्येतिहासात परीक्षेची परंपरा विद्यापीठाहून पुष्कळ जुनी आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी सुरू केलेली श्रावणमासाची दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यास चालविली. सामान्य ब्राह्मणांस पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई; परंतु शास्त्र्यांची परीक्षा घेऊन त्यांच्या योग्यतेप्रमाणे रक्कम ठरविण्याचीही वहिवाट होती. ही परीक्षा तोंडी असे. उमेदवाराने किती ग्रंथ वाचले याची ती मोजदाद नव्हती. आपल्या शास्त्रात त्याची गती किती आहे, हे जाणत्यांनी समोरासमोर पारखावयाचे असे. या पद्धतीचा दोषही उघड आहे. तिचे द्वार एकाच वर्णाला खुले होते आणि परीक्षकाच्या मर्जीवर दाद मागण्यास जागा नव्हती.

पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिणेच्या निधीचा काही भाग शिक्षणाकडे वळविण्यात आला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. १८५१ मध्ये तिचे इंग्रजी शाळेशी एकीकरण होऊन पूना कॉलेज झाले व तेच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच सुमारास स्थापन झालेल्या दक्षिणा प्राइझ कमिटीने मराठी ग्रंथांस बक्षिसे देण्यास आरंभ केला. येथे पारख व्हावयाची ती सिद्ध झालेल्या कृतीची.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि परीक्षेचे स्वरूपच पालटले. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेली ही संस्था आरंभी शिकविणारी नव्हती, परीक्षा घेणारी होती. महाविद्यालयांनी शिकवावे व विद्यापीठाने पारखावे, अशी ही वाटणी होय. परीक्षकांपैकी अनेक जण स्वतः प्राध्यापक असले, तरी परीक्षक म्हणून ते विद्यापीठाचे सेवक ठरत. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे या विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले.

या वाटणीने झालेला लाभ लहान नव्हता. लेखी उत्तर, बाहेरचा परीक्षक आणि उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक या तीन गोष्टी रूढ झाल्यावर उमेदवाराचे कूळ परीक्षकापासून झाकले गेले. रमण्यात ज्यांस प्रवेशच नव्हता, त्यांच्या वंशजांना पुढे याच क्रमांकाच्या आडोशाने पदवी मिळविता आली. बाह्य परीक्षेवर टीका करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

परंतु हानीही तितकीच खरी आहे. ज्या अध्यापकाने विद्यार्थ्यास वर्षानुवर्षे जवळून पाहिले, त्याच्या मतास निकालात स्थान उरले नाही. प्रीव्हियस, इंटरमीजिएट व बी. ए. अशा चढत्या पायऱ्या पडल्या. प्रत्येक पायरीवर विषय व विषयाच्या पत्रिका आल्या आणि पदवी म्हणजे या पत्रिकांच्या गुणांची बेरीज, ही समजूत दृढ झाली.

इंग्लंडात याच काळी दुसरे टोक गाठले गेले होते. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉसमध्ये काही दिवसांच्या पत्रिकांवर साऱ्या अभ्यासक्रमाचा निकाल लागे व उत्तीर्णांची क्रमवार यादी प्रसिद्ध होई. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे या परीक्षेत सीनियर रँग्लर ठरले आणि पुण्यास त्याचा फार मोठा अभिमान वाटला. त्या यादीतील पहिला मान मात्र त्यांना दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला होता. खुद्द केंब्रिजने १९०९ नंतर ही क्रमवारी बंद केली. एका परीक्षेवर सर्वस्व टांगले म्हणजे विद्यार्थी विद्येसाठी न शिकता परीक्षेसाठी शिकू लागतो, हा तेथील अनुभव होता.

पुणे विद्यापीठ १९४९ च्या फेब्रुवारीत अस्तित्वात आले. डॉ. मु. रा. जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू होत. १९५६ ते १९५९ या काळात ते पद परांजपे यांनीच भूषविले. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्येच परीक्षापद्धतीची सुधारणा ही विद्यापीठीय शिक्षणातील अग्रक्रमाची गरज ठरविली. वर्षभराच्या कामास एकूण गुणांचा तिसरा हिस्सा द्यावा आणि पदवीची सारी परीक्षा अखेरीस एकदम न घेता टप्प्याटप्प्याने घ्यावी, असे तिचे म्हणणे होते. कोठारी आयोगानेही १९६६ मध्ये अंतर्गत मूल्यमापनाचा पुरस्कार केला. पुढे सत्रपद्धती आली, श्रेयांकपद्धती आली. २०२१ पासून श्रेयांकांची पेढीही निघाली.

या सुधारणांनी शेवटच्या परीक्षेचे ओझे हलके केले, यात शंका नाही. परंतु ओझे वाटले गेले म्हणून दृष्टी एकत्र झाली असे नव्हे. पूर्वी पाच-सात पत्रिका असत, त्या जागी आता लहानमोठ्या चाचण्यांची रांग लागली. भाषाशास्त्राचा विद्यार्थी एका सत्रात ध्वनिविचार उत्तीर्ण होतो, दुसऱ्यात वाक्यविचार; परंतु एखादी अनोळखी बोली ऐकून तिचे वर्णन त्याला स्वतः करता येते की नाही, हे कोणत्याही एका पत्रिकेत दिसत नाही. प्रत्येक अध्यापक आपल्या पत्रिकेपुरता उत्तरदायी असतो. साऱ्या पदवीबद्दल उत्तरदायी कोण, या प्रश्नास उत्तर मिळत नाही.

नेदरलंडमधील मास्ट्रिक्ट येथील वैद्यकीय शिक्षकांनी या प्रश्नाकडे निराळ्या रीतीने पाहिले. त्यांच्याकडील प्रगतिचाचणीत पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी वर्षातून अनेकदा अंतिम पदवीच्या पातळीची एकच पत्रिका सोडवितात. त्यामुळे वाढ दिसते व ऐनवेळच्या घोकंपट्टीचा उपयोग राहत नाही. २००५ मध्ये फान डेर फ्लॉइटेन व शुवर्थ यांनी याच्याही पुढचा विचार मांडला. कोणत्याही एका चाचणीवर महत्त्वाचा निर्णय करू नये. अनेक वर्षांचा पुरावा साठवावा आणि निर्णय अनेकांनी मिळून साऱ्या पुराव्यावर करावा.

पुण्यातील विभागांना ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. जाणत्यांनी समग्र विद्येची पारख करावयाची, हे तत्त्व रमण्याच्या काळी होतेच. त्यात उणीव होती ती न्यायाची, आणि ती उणीव १८५७ नंतरच्या लेखी पुराव्याने व अनामिकतेने काही अंशी भरून काढली. समग्र मूल्यमापन पुन्हा आणावयाचे, तर अध्यापकाच्या हाती पुन्हा अधिकार येणार, हे उघड आहे. आणि ज्यांना हा अधिकार पूर्वी जाचला, त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. म्हणून पारख एकाची नसावी, तिची कारणे लेखी असावीत आणि विद्यार्थ्यास दाद मागता यावी. या तीन अटी पाळून एखाद्या विभागाने आपल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमापुरता जरी प्रयोग केला, तरी पदवी कशाची साक्ष देते हे त्या विभागाला प्रथमच निश्चितपणे सांगता येईल.