शब्दाचे वजन आणि दुव्याची साक्ष

शोधयंत्रांच्या इतिहासात यंत्राच्या वेगाचेच कौतुक फार होते. वस्तुतः हा इतिहास एका जुन्या प्रश्नाचा आहे : एकच शब्द अनेक ग्रंथांत आला असता वाचकापुढे आधी कोणता ठेवावा?

शब्दावरून स्थळ दाखविणारी सूची ही यंत्रयुगाची निर्मिती नव्हे. तेराव्या शतकात पॅरिस येथे ह्यू ऑफ सेंट-शेर याच्या देखरेखीखाली डोमिनिकन साधूंनी लॅटिन बायबलची शब्दसूची रचिली. आजच्या शोधयंत्राची सूचीही मूलतः त्याच जातीची. १९९० मध्ये माँट्रियल येथे निघालेली ‘आर्ची’ केवळ फाइलींची नावे नोंदवीत असे. १९९४ च्या ‘वेबक्रॉलर’ने पृष्ठांचा संपूर्ण मजकूर सूचीत घेतला, आणि क्रमाचा प्रश्न तीव्र झाला.

त्याचे उत्तर वेबच्या जन्मापूर्वीच अंशतः मिळालेले होते. हान्स पेटर लून याने १९५७ मध्ये शब्दाची वारंवारता हे महत्त्वाचे गमक मानले. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दुसरी बाजू मांडली : जो शब्द संग्रहातील थोड्याच लेखांत आढळतो, त्याचे वजन अधिक. ‘आणि’ हा शब्द बहुतेक सर्व लेखांत येतो, म्हणून तो कोणत्याच लेखाला वेगळे काढीत नाही, ‘ताम्रपट’ काढतो. अर्थाची जाणीव नसलेल्या यंत्रास अर्थाच्या इतक्या जवळ नेणारी साधी कल्पना भाषाविज्ञानातही विरळाच.

परंतु शब्द हा लिहिणाराच्या स्वाधीन असतो. एकच शब्द पार्श्वभूमीच्या रंगात, अदृश्यपणे, शेकडो वेळा लिहून वरचे स्थान पटकावण्याची युक्ती लौकरच रूढ झाली. तेव्हा साक्ष बाहेरून आणणे भाग पडले. १९५५ मध्ये यूजीन गारफील्ड यांनी विद्वानांच्या संदर्भांची सूची सुचविली होती; सर्गे ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये, २ कोटी ४० लक्ष पृष्ठांच्या गूगलचे वर्णन करताना, तोच न्याय दुव्यांस लाविला. ज्या पृष्ठाकडे अनेक दुवे येतात, त्याच्या शिफारशीचे मोल अधिक. मात्र ते त्याच्या सर्व दुव्यांत वाटले जाते.

मराठीला या दोन्ही पायऱ्या अवघड आहेत. तिच्यातील पृष्ठे थोडी, म्हणून साक्षीदारही थोडे. शिवाय ‘घर’, ‘घरात’, ‘घरांपासून’ ही यंत्राला तीन निराळी पदे. एका शब्दाचे वजन त्यांत विखुरते. इंग्रजीकरिता मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये प्रत्यय छाटण्याचे नियम प्रसिद्ध केले. मराठीत प्रत्यय छाटला तरी मूळ शब्द हाती लागत नाही, सामान्यरूप उरते. ‘माळ्याला’ यातील ‘माळ्या’ हे बागेतील माळ्याचे की घराच्या माळ्याचे, हे केवळ रूपावरून सांगता येत नाही. गूगलने २०१९ मध्ये वाक्यसंदर्भ लक्षात घेणारी ‘बर्ट’ पद्धती शोधात आणिली. तिला हा भेद तत्त्वतः कळू शकतो. परंतु ती शिकते ती लिखित मजकुरावरूनच, आणि मराठीचा तसा मजकूर इंग्रजीच्या मानाने अद्याप फारच अल्प आहे.