नव्वद हजार चौरस फुटांचा कायदा

शिकागोचे महापौर रिचर्ड एम. डेली १९८९ पासून सत्तेवर होते आणि पुढच्या सतरा वर्षांत त्यांनी एकदाही नकाराधिकार वापरला नव्हता. वापरायची वेळच येत नसे. पन्नास नगरसेवकांचे ते सभागृह त्यांच्या मुठीत होते. ती वेळ ११ सप्टेंबर २००६ रोजी आली. कारण होते दुकानातल्या नोकरांचा तासाचा पगार.

२६ जुलैला सभागृहाने ३५ विरुद्ध १४ मतांनी एक कायदा मंजूर केला होता. ज्या दुकानाचे क्षेत्रफळ ९० हजार चौरस फूट किंवा अधिक आणि ज्या कंपनीची वार्षिक विक्री १०० कोटी डॉलर किंवा अधिक, त्या दुकानाने नोकराला तासाला सव्वानऊ डॉलर पगार आणि वर दीड डॉलरच्या सवलती द्याव्यात. २०१० पर्यंत हे आकडे दहा आणि तीन डॉलरवर न्यावेत. इलिनॉय राज्याचे किमान वेतन तेव्हा साडेसहा डॉलर होते, देशाचे ५.१५. कायद्यात कुठल्याही कंपनीचे नाव नव्हते. सगळ्यांच्या तोंडी मात्र एकच नाव होते, वॉलमार्ट.

मी इतिहास रीतसर शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि वीस-बावीस वर्षांची हिशेबनिशी एवढीच माझी पुंजी. म्हणूनच असेल, कायदा वाचताना माझी नजर आधी आकड्यांवर जाते. ९० हजारच का? नेहमीचे सुपरमार्केट यापेक्षा बरेच लहान असते, आणि शिकागोतल्या ज्यूएल, डॉमिनिक्ससारख्या किराणा साखळ्यांत कामगार संघटना आधीपासून रुजलेल्या होत्या. रेघ अशा जागी ओढली होती, की संघटनेची दुकाने सहसा अलीकडे राहावीत आणि वॉलमार्ट पलीकडे. विरोधकांनी याला पक्षपात म्हटले. मला तो पक्षपात वाटतो खरा, पण निष्कारण वाटत नाही.

दुकानाचा आकार पाहून वेतनाचा नियम लावण्याची रीत जुनी आहे. १९३८ च्या अमेरिकी किमान वेतन कायद्यातून बहुतेक दुकान-नोकर वगळलेलेच होते. १९६१ च्या दुरुस्तीने त्यांना आत घेतले, तेही वर्षाला दहा लाख डॉलरची उलाढाल करणाऱ्या व्यवसायांपुरते. पुढच्याच वर्षी सॅम वॉल्टन यांनी आर्कान्सामधल्या रॉजर्स गावी पहिले वॉलमार्ट उघडले.

त्याआधीची एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १९३० च्या दशकात अमेरिकेत बड्या दुकानांविरुद्ध लढत होते ते छोटे दुकानदार. टेक्ससचे खासदार राइट पॅटमन यांनी साखळी दुकानांवर असा कर सुचवला होता, की दुकानांची संख्या वाढेल तसा कराचा दरही चढेल. तो संमत झाला असता तर ए अँड पी ही तेव्हाची सर्वांत मोठी किराणा साखळी मोडून पडली असती. या कंपनीला कामगार संघटनांचे वावडे होते; पण १९३८-३९ मध्ये तिने संघटनांशी करार करायला सुरुवात केली आणि अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर पॅटमनच्या करविधेयकाविरुद्ध उभे राहिले. १९४० मध्ये विधेयक बारगळले. म्हणजे बड्या दुकानाला वाचवायला एकेकाळी संघटनाच धावली होती, तिला आत जागा मिळाली म्हणून.

वॉलमार्टने ती जागा कधी दिली नाही. २००० साली टेक्ससमधल्या जॅक्सनव्हिल इथे दुकानातल्या मोजक्या खाटकांनी ७ विरुद्ध ३ मतांनी संघटना निवडली. दोन आठवड्यांच्या आत कंपनीने त्या भागातल्या दुकानांत मांस कापणे बंद करून बांधीव पाकिटे विकण्याचे जाहीर केले. कॅनडात क्यूबेक प्रांतातल्या जाँक्येर इथल्या दुकानात २००४ मध्ये संघटनेला मान्यता मिळाली; २००५ मध्ये दुकानच बंद झाले. दोन्ही वेळी कंपनीने कारणे वेगळी सांगितली. संघटनांनी घ्यायचा तो अर्थ घेतला. दाराने आत जाता येत नाही म्हटल्यावर त्या नगरपालिकांच्या खिडकीकडे वळल्या.

खिडकी आयती होती. १९९४ मध्ये बाल्टिमोरच्या चर्चमंडळींनी आणि सरकारी नोकरांच्या संघटनेने मिळून शहराच्या कंत्राटदारांवर ‘लिव्हिंग वेज’चे बंधन घालून घेतले होते. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये यालाच ‘निर्वाह वेतन’ म्हटले आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्यावर दावा लावता येत नाही. बाल्टिमोरचा पैसा शहराचाच होता, म्हणून अट घालणे सोपे गेले. शिकागोत अट खासगी दुकानावर घालायची होती.

इथे गरीब वस्तीचेच दोन तट पडले. पश्चिमेकडच्या ऑस्टिन भागात वॉलमार्टचे शहरातले पहिले दुकान बांधून होत आले होते. तिथल्या कृष्णवर्णीय नगरसेविका एमा मिट्स कायद्याच्या विरोधात होत्या. कारखाने गेलेल्या वस्तीत नोकरी येत असताना तिचा भाव वाढवून ती परत पाठवायची का, हा विरोधकांचा प्रश्न. शहरालगतच्या एव्हरग्रीन पार्कमध्ये त्याच वर्षी उघडलेल्या दुकानात सव्वातीनशे जागांसाठी २५ हजार अर्ज आल्याचे कंपनी सांगत होती. संघटनांचे म्हणणे, गरिबाला नोकरी हवी म्हणून ती हलकी असली तरी चालते, हा न्याय कुठला? अँड्र्यू यंग यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. मार्टिन ल्यूथर किंग १९६८ मध्ये मेम्फिसला सफाई कामगारांच्या संपासाठी गेले आणि तिथेच मारले गेले, तेव्हा यंग त्यांच्यासोबत होते. २००६ मध्ये तेच यंग वॉलमार्टच्या पैशावर चालणाऱ्या एका प्रचारसंस्थेचे अध्यक्ष होते. त्यांना विकले गेलेले म्हणणे सोपे आहे. मला तसे म्हणवत नाही. ते अटलांटाचे महापौर राहिले होते, आणि रिकामी दुकाने महापौराला वेगळी दिसतात.

डेलींचा नकाराधिकार मोडायला ३४ मते लागत होती. १३ सप्टेंबरला ३१ पडली. जुलैत बाजूने असलेले काही नगरसेवक फिरले होते. त्याच महिन्यात ऑस्टिनचे दुकान उघडले. २००७ च्या निवडणुकीत संघटनांनी विरोधकांविरुद्ध पैसा ओतला, काहींना पाडले, मिट्स टिकल्या. शेवटी २०१० मध्ये पुलमन भागातल्या वॉलमार्टला सभागृहाने ५०-० अशी मंजुरी दिली. पुलमन म्हणजे १८९४ चा तो प्रसिद्ध रेल्वे संप जिथून पेटला ती जागा.

हाच डाव वॉशिंग्टनमध्ये २०१३ साली पुन्हा मांडला गेला. दुकान ७५ हजार चौरस फुटांचे, वेतन साडेबारा डॉलर, आणि संघटनेशी करार असेल तर सूट. मतदानाच्या तोंडावर वॉलमार्टने बजावले, की कायदा झाला तर ठरलेल्या सहांपैकी तीन दुकाने बांधणार नाही. १० जुलैला विधेयक ८-५ ने संमत झाले. महापौर व्हिन्सेंट ग्रे यांनी १२ सप्टेंबरला ते फेटाळले. अॅनाकोस्टिया नदीपलीकडचा सातवा वॉर्ड त्यांचा स्वतःचा. तिथे धड किराणा मिळत नसे, आणि धमकीतली दोन दुकाने तिथलीच होती. ग्रे म्हणाले, निवडक दुकानांपेक्षा सगळ्यांचेच किमान वेतन वाढवू. ते त्यांनी केले. डिसेंबरमध्ये परिषदेने ते २०१६ पर्यंत साडेअकरा डॉलरवर नेण्याचे ठरवले. वर्षभराने शिकागोनेही सर्वांसाठी २०१९ पर्यंत तेरा डॉलर मंजूर केले. बड्या दुकानांचे दोन्ही कायदे पडले, आणि त्यांच्या रेट्यातून आलेले वेतन चहाच्या टपरीएवढ्या धंद्यालाही लागू झाले. संघटनांच्या हिशेबवहीत हा तोटा लिहायचा की नफा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

जानेवारी २०१६ मध्ये वॉलमार्टने जगभरातली २६९ दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. त्याच सुमारास कंपनीने वॉशिंग्टनला कळवले, की सातव्या वॉर्डातली ती दोन दुकानेही आता बांधली जाणार नाहीत.