विजेचा निरोप आणि येरवड्याचे दार

मावळात 'येरवडा' हे गावाचे नाव म्हणून कोणी घेत नाही. ते तुरुंगाचे नाव. वडगावच्या कोर्टातून पुढे नेलेला माणूस कुठे गेला, याचे उत्तर या एका शब्दात मिळते. त्याच्यापर्यंत घरचा निरोप कसा पोचवायचा, हा प्रश्न मात्र शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. पत्र, तार, टेलिफोन, आणि आता मोबाइलचा पडदा. साधनांचा हा इतिहास बहुधा वाढत्या वेगाचा म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. विजेने निरोप केव्हाच झटपट नेला. तो अडला दाराशी, आणि कोणाचा अडवायचा हे दाराने ठरवले.

तारेपासून सुरुवात करू. 1908 साली सहा वर्षांची शिक्षा झालेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. 7 जून 1912 रोजी पुण्यात सत्यभामाबाई वारल्या, आणि ही बातमी त्यांना तारेने कळली. तारेला उत्तर गेले ते टपालाने, भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्या नावे. ते इंग्रजीत आहे. मंडालेची घरगुती पत्रे इंग्रजीतच असत, कारण ती आधी अधिकारी वाचणार असत. संकटे शांतपणे सोसायची आपल्याला सवय आहे, पण या धक्क्याने आपण हललो, असे टिळक त्यात लिहितात. अशा वेळी तिच्याजवळ नसणे, हे त्यांचे सर्वांत मोठे दुःख. मग लगेच मुलांच्या शिक्षणाची काळजी. मराठी घरातला हा शोक परक्या भाषेत, परक्या वाचणाऱ्याच्या नजरेखालून घरी आला. तारेच्या वेगाने यातले काहीच बदलले नाही.

पण तार करणारे घर टिळकांचे होते. ज्या घरात अक्षर नव्हते, त्यांचे काय? त्यासाठी मंडालेहून परत आपल्या डोंगरात यावे लागते.

1915 साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. टाटांचे पुढचे धरण दक्षिणेला मुळशीत, मुळा-निळेच्या संगमावर व्हायचे होते. त्याविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव आपण घेतो. पण त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेले मावळे शेतकरी होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. अशा कैद्याला पत्र लिहायची परवानगी असून उपयोग काय? लिहायला दुसरा हवा, गावात वाचून दाखवायला तिसरा हवा, आणि मध्ये तुरुंगाचा अधिकारी आहेच. नवरा-बायकोचे बोलणे चार जणांच्या तोंडून जायचे. त्यांच्या जमिनीवर साठणाऱ्या पाण्याची वीज मुंबईला जाणार होती. त्यांचा निरोप मात्र पायी चालत असे, कोणी सुटून गावी आला की त्याच्या तोंडी.

त्याच येरवड्यात दहा वर्षांनी वेगळे दृश्य दिसते. सप्टेंबर 1932 मध्ये गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि तुरुंगाकडे तारांचा लोंढा लागला. साबरमतीच्या तुरुंगातून कस्तुरबांना येरवड्याला आणले गेले. 24 तारखेला पुणे करार झाला. लंडनच्या सरकारने तो मान्य केल्याची बातमी 26 तारखेला कळली, आणि उपोषण सुटले. दोन हजार कोसांवरून आलेला निरोप त्या दारातून आत जाऊ शकला. दार तेच होते. मुळशीच्या कैद्यासाठी ते का उघडले नाही, याचे कारण यंत्रात शोधून सापडणार नाही.

आपल्याकडची सरकारी तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. तोवर कैद्यांच्या घरांसाठी ती निरुपयोगीच झाली होती. मुख्य माध्यमे म्हणजे पत्र आणि प्रत्यक्ष मुलाखत. लोणावळ्याहून मुलाखतीला जायचे म्हणजे पहाटेची लोकल, शिवाजीनगरला उतरून बस, मग रांग, आणि एक दिवसाची मजुरी बुडालेली. बंगल्यावर राखणदारी किंवा हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईला हे महिन्यात किती वेळा जमणार?

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे मुलाखती थांबल्या आणि तुरुंगांना व्हिडिओ कॉल सुरू करावे लागले. पुढे 'ई-मुलाकात' आली. 2023 मध्ये येरवड्यात स्मार्ट कार्डाचे फोन बसले: आठवड्यातून तीनदा, दर वेळी सहा मिनिटे. एवढीशी वाटणारी ही सोय, माझ्या मते, तारेपेक्षा मोठी घटना आहे. अक्षर न येणाऱ्या आईला लेखनिक लागला नाही. इंग्लंडात घरचा ई-मेल तुरुंगात छापून टपालासोबत कैद्याच्या हाती देतात. अमेरिकेतल्या अनेक तुरुंगांत अशा संदेशांसाठी इलेक्ट्रॉनिक 'तिकिटे' विकत घ्यावी लागतात. दोन्हींत वाचता येणे गृहीत आहे. मावळासाठी आवाजच बरा.

अर्थात दार अजून आहेच. नंबर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. आणि फोन आतून बाहेर लागतो, बाहेरून आत नाही. घरात काही झाले तर आई लेकाला कळवू शकत नाही. त्याच्या पुढच्या कॉलची वाट पाहते. आंदर मावळात किंवा पवन मावळात, जिथे रेंजसाठी टेकाडावर चढावे लागते, तिथे ही वाट पाहणे म्हणजे मोबाइल चार्ज करून, कामाला न जाता, दुपारभर त्या टेकाडावर बसणे.