वाल्परायसोचे टेकडीवाहक

चिली देशातील वाल्परायसो या बंदराच्या नावाचा अर्थ 'नंदनवनाची दरी' असा सांगतात. प्रत्यक्षात तेथे दरीपेक्षा टेकड्याच फार! चाळीसहून अधिक टेकड्या प्रशांत महासागराच्या उपसागराभोवती अर्धवर्तुळाकार उभ्या आहेत. पायथ्याशी सपाट जमिनीची अरुंद पट्टी, आणि तीही बरीचशी समुद्र हटवून मिळविलेली. गोदामे, पेढ्या, कचेऱ्या या पट्टीत राहिल्या आणि माणसे मात्र वर सरकत गेली.

एकोणिसाव्या शतकात दक्षिण अमेरिकेला वळसा घालून येणारी जहाजे येथे विसावत. इंग्रज व जर्मन व्यापाऱ्यांनी टेकड्यांवर घरे बांधली, तशीच गोदीतील कष्टकऱ्यांनीही. उतरणे सोपे, परंतु दिवसभराच्या श्रमानंतर शेकडो पायऱ्या चढणे हे दुसरे कामच. त्यावर 1883 साली उपाय निघाला. कन्सेप्सियोन टेकडीवर पहिला 'आसेन्सोर', म्हणजे उतरत्या रुळांवरून दोराने ओढला जाणारा डबा, सुरू झाला.

त्याची रचना आमच्या वाचकांस सहज उमगेल. विहिरीच्या रहाटाला दोन पोहरे बांधले, की एक खाली जाताना दुसरा वर येतो. येथेही एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे. आरंभी वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरून त्याचे वजन वाढवीत. तो उतरताना खालच्यास वर ओढी, आणि तळाशी पोचताच पाणी सोडून दिले जाई. पुढे अन्यत्र वाफेचे यंत्र आले, तर 1906 साली बारोन टेकडीवर विजेचे. पोलांको येथील यंत्र निराळेच: डोंगरात खोदलेल्या सुमारे 150 मीटर लांब बोगद्यातून चालत जावे, मग सरळ उभी लिफ्ट! असे लहानमोठे सुमारे 30 आसेन्सोर त्या शहरात झाले. नावेही मोठी बोलकी आहेत. एकाचे 'पवित्र आत्मा', एकाचे 'संत अगस्तीन', एकाचे 'धर्मभगिनी'. तिकीट काढताना भाविकाच्या मुखी संतनाम यावे, अशी ही सोयच म्हणावयाची.

1906 च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त केले. तरी त्याहून खोल घाव 1914 साली खुल्या झालेल्या पनामा कालव्याने घातला. जहाजांचा मार्गच बदलला. व्यापार ओसरला, पुढे बसगाड्या आणि भाड्याच्या मोटारी टेकड्यांवर चढू लागल्या, आणि खासगी मालकांना जुनी यंत्रे परवडेनाशी झाली. एकेक डबा थांबला.

मग जगाचे लक्ष गेले. 1996 साली धोक्यातील स्मारकांच्या जागतिक यादीत आसेन्सोरांचा समावेश झाला. 2003 साली युनेस्कोने शहराचा ऐतिहासिक भाग जागतिक वारसा ठरविला. 2012 साली चिली सरकारने 10 आसेन्सोर विकत घेतले. दुरुस्ती मात्र मंदगतीनेच चालली. काही पुन्हा धावू लागले, तर काहींच्या दारांना वर्षानुवर्षे कुलूप राहिले. वारसा म्हणून पर्यटकांनी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, यात गैर काहीच नाही. पण आम्हाला त्या यंत्रांचे मोल वाटते ते वर राहणाऱ्यांसाठी. बाजाराची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या वृद्धेला कुलूप दिसले, की तिच्यापुढे शेजारचा जिनाच उरतो.