शेजारच्या दोन खाड्या

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की क्राइस्टचर्चच्या आपल्या मंडळींची आकारोआची सहल ठरलेली! फ्रेंच पाट्यांपुढे फोटो, धक्क्यावर फिश अँड चिप्स आणि संध्याकाळी परत. आम्हीही हे अनेकदा केले. मागच्या खेपेला मात्र सासऱ्यांनी विचारले, "इंग्रजांच्या राज्यात हे फ्रेंच आले कुठून?" मला सांगता येईना. घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा कळले की गोष्ट फक्त फ्रेंचांची नाही, जर्मनांचीही आहे.

१८३८ साली लांग्लुआ नावाच्या फ्रेंच व्हेलशिकारी कप्तानाने बँक्स द्वीपकल्पातील जमिनीचा माओरींशी सौदा केला. पुढे फ्रान्समध्ये 'नांतो-बोर्दलेज' ही कंपनी निघाली आणि मार्च १८४० मध्ये 'कोंत द पारी' हे जहाज साठेक वसाहतकऱ्यांना घेऊन रोशफोर बंदरातून सुटले. त्यांत फ्रेंच शेतकरी-कारागीर होते, तशी मूठभर जर्मन कुटुंबेही होती.

इकडे ६ फेब्रुवारी १८४० रोजी वैतांगीचा करार झाला होता. २१ मे रोजी हॉब्सनने दक्षिण बेटावरही ब्रिटिश सत्ता जाहीर केली. जहाज तेव्हा समुद्रात होते. वसाहतीच्या रक्षणासाठी आलेल्या फ्रेंच युद्धनौकेचा कप्तान लावो याला ही बातमी बे ऑफ आयलंड्समध्येच समजली. हॉब्सनने 'ब्रिटोमार्ट' नौका आकारोआला धाडली आणि वसाहतकऱ्यांच्या आधी काही दिवस तिथे ब्रिटिश झेंडा लागला. झेंड्याची शर्यत इंग्रजांनी थोडक्यात जिंकली, अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात निकाल मे महिन्यातच लागला होता. लावोनेही समंजसपणा दाखवला, भांडण उकरून काढले नाही. ऑगस्टमध्ये उतरलेली माणसे परत न जाता तिथेच राहिली.

फ्रेंच आकारोआला स्थायिक झाले आणि जर्मन डोंगराच्या एका सोंडेपलीकडच्या खाडीत. तिचे नाव पडले 'जर्मन बे'. त्या वेळी जर्मनी नावाचा एकसंध देशही नव्हता, तो झाला १८७१ साली, फ्रान्सचा पराभव करून. आल्सेस आणि लोरेनचा काही भाग गेल्याचा सल फ्रेंचांना पुढे कित्येक वर्षे डाचत राहिला. इकडे मात्र दोन्हीकडची कुटुंबे एकाच बंदरावर अवलंबून होती. त्यांची मुले एव्हाना इंग्रजी बोलू लागली होती.

मग १९१४ चे युद्ध आले आणि हजारो मैलांवरचे वैर इथे पोचले. जर्मन नावे खुपू लागली. 'जर्मन बे'चे 'ताकामाटुआ' झाले. हे माओरी नाव. जमिनीचे मूळ मालक कोण, याची आठवण त्यामुळे निदान पाटीवर राहिली, हा त्यातला चांगला भाग. पण नाव बदलण्यामागचा हेतू तो नव्हता.

माणसांचे हाल पाटीपेक्षा वाईट झाले. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया कॉलेजात फॉन झेडलिट्झ हे आधुनिक भाषांचे प्राध्यापक होते. ते विद्यार्थ्यांना फ्रेंच आणि जर्मन दोन्ही शिकवत! वडील जर्मन, आई इंग्रज, बालपण बरेचसे इंग्लंडमध्ये गेलेले. कॉलेज त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तर संसदेने १९१५ साली खास कायदा करून त्यांची नोकरी घालवली. आज त्याच विद्यापीठातील एका इमारतीला त्यांचे नाव आहे.

युरोपात त्यानंतर आणखी एक महायुद्ध झाले. अखेर २२ जानेवारी १९६३ रोजी द गॉल आणि आडेनाउअर यांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. आकारोआचे शेजारी मात्र १८४० पासून करार न करताच एकमेकांजवळ राहत होते.

हे वाचताना मला आमचेच घर आठवत होते. आमच्या कुंपणापलीकडे लाहोरचे एक कुटुंब राहते. दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचे ताट जाते. एका वर्षी सीमेवर वातावरण तापले होते. टीव्हीवर रोज तेच. "यंदा राहू दे," मी बायकोला म्हणालो. ती काही बोलली नाही. ताट गेले नाही. पुढच्या ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचे भांडे आले, नेहमीसारखेच, झाकणावर मुलांची नावे लिहिलेले.

हजारो मैलांवरचे वैर माझ्या स्वयंपाकघरात मीच शिरू दिले होते. त्यासाठी कुठल्या संसदेला कायदा करावा लागला नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेला आकारोआला जाल तेव्हा अलीकडे काही मिनिटे ताकामाटुआला गाडी थांबवा. तिथे फोटो काढण्यासारखे फारसे काही नाही. मुलांना एवढेच सांगा, की फ्रेंचांचे शेजारी इथे राहत होते. आणि हो, यंदा आमच्याकडून दोन ताटे जाणार आहेत, एक मागच्या बाकीचे.