शिष्यवृत्ती : खैरात की फर्ज?



दरवर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की एकदोन पालक तरी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतात, "सर, हे पैसे जकातीचे तर नाहीत ना? आपण घेणं बरं दिसेल का?" प्रश्न प्रामाणिक असतो. घाम गाळून भाकरी खाणाऱ्याला हात पसरणे नको वाटते. (जकात हाही गरजवंताचा हक्कच आहे, पण तो विषय मौलवीसाहेबांचा.) मात्र या संकोचात मुदत टळते आणि मुलाचे वर्ष अडते. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

साल १८६९. आजच्या उत्तर प्रदेशाचा बराचसा भाग तेव्हा वायव्य प्रांतात मोडत असे. त्या प्रांताच्या सरकारने इंग्लंडात शिकण्यासाठी एका तरुणाला शिष्यवृत्ती दिली. हा तरुण म्हणजे सय्यद महमूद, सर सय्यद अहमदखान यांचे चिरंजीव. वडील न्यायखात्यात अधिकारी, घराण्याचा दिल्लीच्या मोगल दरबाराशी जुना संबंध. अशा घराण्यालाही शिष्यवृत्ती घेण्यात कमीपणा वाटला नाही, हे लक्षात घ्या. उलट, मुलाबरोबर आपणही जावे आणि तिकडची विद्यापीठे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत, असे सर सय्यद यांनी ठरवले. शिष्यवृत्ती होती मुलापुरती. स्वतःच्या खर्चासाठी त्यांनी घर गहाण टाकले, कर्ज काढले आणि आपल्या मुंबई बंदरातून बोट पकडली.

वडील १८७० मध्ये परतले. महमूद केंब्रिजला शिकून, बॅरिस्टर होऊन १८७२ मध्ये आले आणि नियोजित कॉलेजची योजना त्यांनीच लिहून काढली. २४ मे १८७५ रोजी अलीगढला शाळा सुरू झाली, १८७७ मध्ये कॉलेजची पायाभरणी झाली. पुढे १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोग नेमला गेला. त्यावर सुरुवातीला सर सय्यद होते, नंतर त्यांच्या जागी महमूद आले. याच आयोगाने शिफारस केली की, मुसलमान विद्यार्थ्यांना प्राथमिक शाळेपासून कॉलेजपर्यंत पायरीपायरीने खास शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि काही जागा फीमाफीच्या ठेवाव्यात. ज्याने स्वतः शिष्यवृत्ती घेतली, तोच इतरांना ती मिळवून देणाऱ्यांत बसला! मुंबईतून या आयोगापुढे अंजुमन-ए-इस्लामतर्फे बद्रुद्दीन तय्यबजी यांनी बाजू मांडली होती. महमूद १८८७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, हे ओघाने सांगितले.

पण शिफारशींनी वसतिगृहाचा खर्च भागत नसे. अलीगढला बहुतेक मुले खात्यापित्या घरची. गरिबाचा हुशार मुलगा दारातूनच परत जाई. सर सय्यद वर्गणीसाठी दारोदार फिरले, गरीब विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी उतारवयात रंगमंचावरही उभे राहिले. लोक हसले, त्यांनी पर्वा केली नाही. मग १८९० मध्ये साहेबजादा आफताब अहमदखान या विद्यार्थ्याने सोबत्यांना घेऊन एक मंडळ काढले. नाव ठेवले 'अंजुमन-अल-फर्ज', इंग्रजीत ड्यूटी सोसायटी. नावात खैरात नाही, इमदाद नाही, फर्ज आहे! सुटीत घरी आराम करण्याऐवजी ही मुले गावोगाव फिरून गरीब सोबत्यांच्या शिक्षणासाठी पैसे जमवीत. आफताबसाहेब १८९० नंतर केंब्रिजला गेले आणि १९२४ मध्ये अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

दोनच वर्षांनी, १८९२ मध्ये, मुंबईत जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला. तो त्यांनी दान म्हणून न देता उसना द्यायचे ठरवले: शिका, कमवा, परत करा, म्हणजे पुढच्याला मिळेल. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन याच निधीतून लंडनला शिकले. माझ्या मते आपल्या क़र्ज-ए-हसनाची कल्पना याहून फार वेगळी नाही.

आता सरकारी योजनांविषयी. महाराष्ट्रात १९५९ मध्ये आलेल्या ई.बी.सी. सवलतीने जात-धर्म न पाहता कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना फीमाफी मिळाली. तुमच्यापैकी अनेकांचे वडील-चुलते तीवरच शिकले असतील. नंतर अल्पसंख्याकांसाठी केंद्राच्या शिष्यवृत्त्या आल्या. त्यांतली पहिली ते आठवीची २०२२ मध्ये बंद झाली, संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी थांबली. योजना येतात आणि जातात, म्हणून जी चालू आहे तिचा अर्ज वेळेत गेला पाहिजे आणि समाजाचा स्वतःचा निधीही असला पाहिजे. निधीतून शिकून नोकरीला लागलेल्यांनी आपला हप्ता विसरू नये, हे इथे स्पष्टच लिहितो.

उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून मिळायला वेळ लागतो, म्हणून तो आधी काढा. दाखल्यावरचे, गुणपत्रिकेवरचे आणि आधारकार्डावरचे नाव अक्षरन् अक्षर एक आहे का पाहा; 'शेख' आधी की नंतर, एवढ्यावरून अर्ज परत येतात. बँकखाते मुलाच्या नावाचे आणि आधारला जोडलेले हवे. शनिवारी दुपारी मी शाळेच्या कार्यालयात बसतो. कागद घेऊन या.